कूलंटमधलं तेल फिरवून वेगळं करायचं तर काय घ्यावं: सायक्लोन, सेंट्रिफ्यूज की साधा पट्टा?

सहा_स्पिंडल (अंबड)

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमध्ये माझं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे, धातू कापणारी सहा संगणकी मशिनं: चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी. प्रश्न कूलंटचा आहे, म्हणजे धातू कापताना त्यावर सोडतात त्या तेल-पाण्याच्या मिश्रणाचा. सुट्टीनंतर सकाळी शटर वर केलं की कुजक्या अंड्यांचा वास थेट नाकात जातो. टाकीवर तपकिरी तवंग असतो आणि बोट फिरवलं तर सायीसारखा गोळा होऊन बोटाला चिकटतो. रिफ्रॅक्टोमीटरवर कॉन्सन्ट्रेशन सहा टक्के दिसतं, म्हणजे पाणी-तेलाचं माप बरोबर आहे. तरी दोन महिने होत नाहीत तोच टाकी उपसावी लागते.

पैसे जातात ते जातातच. पण माझ्या दोन ऑपरेटरांच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ उठलंय. एक पोरगा रोज रात्री हाताला खोबरेल चोळून झोपतो. हातमोजे घालून चालत्या चकजवळ (फिरता जबडा) काम करायचं नाही हा नियम मीच घातलाय, त्यामुळे त्याला काय सांगू तेही कळत नाही.

तिघे विक्रेते येऊन गेले. एक म्हणतो हायड्रोसायक्लोन घ्या, त्यात हलणारा एकही भाग नाही. दुसरा म्हणतो सेंट्रिफ्यूजशिवाय पर्याय नाही. तिसरा भिंतच फिरणाऱ्या सायक्लोनचं चित्र दाखवून गेला. तिघांच्या कागदावर नव्व्याण्णव टक्के तेल निघतं असं लिहिलंय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं, यातलं खरोखर चालतं काय?


पट्टाकाका (सातपूर)

बेल्ट स्किमर लावा आणि निवांत राहा. वीस वर्षं तेच करतोय. स्टीलचा पट्टा टाकीत सोडायचा, तेल पट्ट्याला चिकटून वर येतं, वायपर ते निपटून डब्यात पाडतो. मशिन बंद असताना चालवा, पाणी शांत असलं की तेल वर जमतं.


सहा_स्पिंडल

काका, दोन मशिनवर पट्टा आहेच. तवंग कमी होतो, वास तसाच राहतो. शिवाय आमचं शॉप तीन शिफ्टचं, टाकी शांत बसते कधी?


नंदिनीकाठ (टाकळी)

मशिनचं बोलू नंतर. आधी सांगा, उपसलेलं कूलंट जातं कुठे?

विचारतोय कारण मी नंदिनीच्या काठाला लहानाचा मोठा झालोय. आमच्या लहानपणी सगळे नासर्डी म्हणायचे. पावसाळ्याच्या पहिल्या सरीला पाण्यावर इंद्रधनुष्याचे पट्टे यायचे आणि आम्ही पोरं काठावर बसून ते बघायचो. ते तेल आहे हे खूप उशिरा कळलं. नंदिनी टाकळीला गोदावरीत मिळते, रामकुंडाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे पूजेला येणाऱ्या माणसाला ते दिसत नाही. पण पुढे तेच पाणी नांदूरमध्यमेश्वरला जातं. ते २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, दर हिवाळ्यात तिथे परदेशातून पक्षी उतरतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नको असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम आहे. दहा मिलिग्रॅम म्हणजे थेंबभरही नाही.


सहा_स्पिंडल

दादा, राग समजतो. माझ्याकडे बॅरल भरून ठेवतात, मॅनिफेस्ट (नोंदीचा कागद) करून परवानाधारक गाडी नेते. प्रत्येक पावती फाइलला आहे. एकदा एक टँकरवाला निम्म्या भावात "साहेब, मी बघतो कुठे सोडायचं ते" म्हणाला होता, त्याला गेटवरूनच परत पाठवलं. म्हणूनच तर विचारतोय. कूलंट दोन महिन्यांऐवजी आठ महिने टिकलं तर बॅरलंच कमी भरतील.


नंदिनीकाठ

मग बोला, भाऊ. मीही वाचतो.


सेकंड_इंजिनिअर (इंदिरानगर)

मी जहाजावर सतरा वर्षं काढली. तेल-पाणी वेगळं करणं हे आमचं रोजचं जेवण, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तेलाचा थेंब पाण्यात वर चढतो कारण तो हलका आहे. किती वेगाने चढतो हे तीन गोष्टींवर ठरतं: घनतेतला फरक, पाणी किती पातळ आहे ते, आणि थेंबाच्या व्यासाचा वर्ग. खरी मेख त्या वर्गात आहे. थेंब निम्मा झाला की वेग चौथाई होतो.

तुमच्या टाकीचा हिशोब करू. स्लाइडवे तेल (मशिनच्या सरकत्या भागांचं वंगण) पाण्यापेक्षा साधारण बारा टक्क्यांनी हलकं धरा, टाकीची खोली एक फूट. ५० मायक्रॉनचा थेंब तळापासून वर यायला अर्धा तास घेतो. ५ मायक्रॉनचा थेंब? दोन दिवस. तेही पाणी अजिबात हललं नाही तर. पट्टाकाकांचा पट्टा वर आलेलं तेल उचलतो, तो बरोबरच आहे. पण बारीक थेंब वर येतच नाहीत, ते पंपाबरोबर फिरत राहतात.

आता फिरवण्याचं. दहा सेंटिमीटर त्रिज्येचं भांडं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवलं की त्याच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण हजार पट ओढ तयार होते. ६००० फेऱ्या केल्या तर दुप्पट नाही, चौपट होते, म्हणजे चार हजार. हजार पट ओढीत तोच ५ मायक्रॉनचा थेंब सेकंदाला दीड मिलिमीटर सरकतो. सेंट्रिफ्यूजच्या आत शंकूच्या आकाराच्या चकत्या एकावर एक अगदी थोड्या अंतराने रचलेल्या असतात, त्यामुळे थेंबाला फूटभर जायचंच नसतं, मिलिमीटरच्या आसपास सरकला तरी पुरे. त्या चकत्यांतच सगळी करामत आहे.

हायड्रोसायक्लोनमध्ये भांडं फिरत नाही, पाणी फिरतं. दाबाखालचं पाणी कडेने तिरकं आत सोडायचं, निमुळत्या नळीत ते भोवऱ्यासारखं घुमतं. जड पाणी भिंतीकडे जातं, हलकं तेल मधोमध दोरीसारखं गोळा होऊन वरच्या बारीक भोकातून उलटं बाहेर येतं.


द्राक्षवाला (निफाड)

अरे वा, हायड्रोसायक्लोन तर आमच्या विहिरीवर आहे! ड्रिपच्या फिल्टरमधलं पहिलं धूड तेच. बोअरच्या पाण्यातली वाळू खालच्या डब्यात पडते, आठवड्याला एकदा झाकण खोलून मूठमूठ वाळू काढतो. कारखान्यातपण तेच असतं होय? मग ते घ्या की, आमचं बारा वर्षं झाली, एक नट बदलला नाही.


उरणचा_पाहुणा (गंगापूर रोड)

द्राक्षवाले दादा, भाऊबंद आहेत पण स्वभाव वेगळा. तुमच्यात वाळू काढायची असते. वाळू पाण्याच्या अडीच पट जड आणि दाणा मोठा, लगेच भिंतीला जाऊन खाली पडते. तेलात फरक जेमतेम दहा-बारा टक्क्यांचा आणि थेंब वाळूच्या दाण्यापुढे धुळीसारखा. म्हणून तेलाच्या सायक्लोनची नळी बारीक आणि लांबलचक असते. शिवाय तुमचा माल खाली पडतो, आमचा मधून वर निघतो.

मी समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर काम केलंय. तेलाबरोबर जमिनीतून प्रचंड पाणी येतं आणि विहीर म्हातारी होत जाते तसं पाणी वाढतं, तेल घटतं. त्या पाण्यातलं तेल काढल्याशिवाय ते समुद्रात सोडता येत नाही. हायड्रोसायक्लोनचं पहिलं पेटंट १८९१ चं, पण ते घन कण काढण्यासाठी. पाण्यातून तेल काढणारा सायक्लोन इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात मार्टिन थ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला, आणि १९८० च्या दशकात तो समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर पोहोचला. तिथे तो इतका रुजला कारण जागा आणि वजन वाचतं, आणि विहिरीचा दाब फुकट मिळतो. मोठ्या पिंपात असे डझनावारी लायनर, म्हणजे सायक्लोनच्या नळ्या, उभे-आडवे बसवलेले असतात.

फुकटचा दाब हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्याकडे तो नाही. तुम्हाला पंप लावावा लागणार, आणि साधा सेंट्रिफ्युगल पंप लावला की त्याचा इम्पेलर (फिरतं पातं) थेंबांचं पीठ करतो. आधी पंपाने थेंब फोडायचे आणि मग सायक्लोनने ते पकडायला धावायचं! लावायचाच तर मोनो पंप लावा, तो हळुवार ढकलतो.

भिंत फिरणारा सायक्लोन ही कल्पना खोटी नाही. स्थिर नळीत पाणी भिंतीला घासून वेग गमावतं आणि तिथे खळबळ होते, बारीक थेंब परत मिसळतात. भिंतच पाण्याबरोबर फिरवली की ती घासाघीस कमी होते, प्रवाह कमी-जास्त झाला तरी भोवरा टिकतो. पण मग मोटर आली, सील आलं, बेअरिंग आली. "हलणारा भाग नाही" हा मुख्य गुणच गेला. सहा मशिनच्या शॉपला मी तरी सुचवणार नाही.


सातपूर_ग्राइंडिंग

उरणच्या पाहुण्यांनी लिहिलेलं मी पैसे मोजून शिकलोय.

तीन वर्षांपूर्वी हायड्रोसायक्लोन घेतला. डेमोला विक्रेत्याने स्वच्छ पाण्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकलं, तेल झकास वर आलं, मी चेक फाडला. आमच्या टाकीवर लावला तर पहिल्या दिवशी फेस. इतका की टाकीतून उतू जाऊन मशिनखाली आला, जमिनीवर ढगासारखा पसरला. पोरांनी लाकडाचा भुसा टाकून आवरला. दुसऱ्या आठवड्यात ग्राइंडिंगचा गाळ त्या बारीक भोकात अडकला. मी सुई घेऊन भोक साफ करत बसायचो. आणि तेल? बाटलीत घेऊन बघितलं तर आधीपेक्षा बारीक विरघळल्यासारखं. साधा पंप होता, दुसरं काय.

तोच सायक्लोन आता चुरा काढायला वापरतो. ग्राइंडिंगचा लोखंडी गाळ तो छान खाली टाकतो. म्हणजे द्राक्षवाल्यांच्या विहिरीवरचंच काम.


मिसळप्रेमी_कॉलेजरोड

इतका शास्त्रार्थ चाललाय आणि मला फक्त तर्रीच दिसतेय. वाटी शांत ठेवली की कट वर, रस्सा खाली. चमच्याने ढवळली की सगळं एक. तर ढवळू नका, एवढंच ना?


सेकंड_इंजिनिअर

मिसळप्रेमी, शंभर टक्के. पंपाचा मुद्दा वाटीत मावला.


मिसळप्रेमी_कॉलेजरोड

पण मग रवीने ताक घुसळलं की लोणी वर येतं, ते कसं? ती पण फिरतेच की.


सिन्नरची_लेक

ते मी सांगते, कारण आमच्याकडे दोन्ही होतं, रवीपण आणि सेपरेटरपण.

रवी फिरते पण ती ओढीने वेगळं करत नाही. घुसळताना दह्यातल्या चरबीच्या गोळ्यांवरचा पापुद्रा फाटतो, गोळे एकमेकांवर आपटून चिकटतात, थेंबाचा कण होतो, कणाचा गोळा होतो आणि मग तो आपोआप तरंगतो. म्हणून आई घुसळताना थंड पाणी घालायची, गोळे घट्ट व्हायला.

सेपरेटर वेगळा. आमच्या आजोबांच्या डेअरीत हाताने फिरवायचं यंत्र होतं. वर दुधाचं पातेलं, खाली दोन चोची: एकीतून साय, दुसरीतून फिकं दूध. दांड्याला एक घंटी होती. वेग कमी असेल तोवर ती प्रत्येक फेरीला टिण टिण वाजायची आणि नीट वेग आला की गप्प व्हायची. आजोबा ओट्यावर बसून फक्त कान देऊन असायचे. घंटी वाजली की आतून ओरडायचे, "कोण आहे रे दांड्यावर, जेवला नाहीस का?" मग मी आणि माझा भाऊ दोघं मिळून दांडा ओढायचो. शाळेतून आल्यावर तेच आमचं काम. धुताना ती चकत्यांची माळ तारेत ओवून गरम पाण्यात बुडवायची, क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून लावायची. त्या चकत्यांना अंक कोरलेले होते.

हे यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ मध्ये काढलं, साय काढायला. जहाजातलं सेकंड_इंजिनिअरदादांचं मशिन त्याचंच नातवंड. दुधातले चरबीचे गोळे सरासरी तीन-चार मायक्रॉनचे. म्हणजे त्यांनी हिशोब केलेल्या थेंबापेक्षाही बारीक, आणि आम्ही पोरं ते हाताने काढायचो.

एक गोष्ट अजून. थंड दूध घातलं तर साय फिक्या दुधात राहून जायची. कोमट लागायचं, बोट बुडवून सोसेल इतकं.


सेकंड_इंजिनिअर

ताई, घंटीचं वाचून फार बरं वाटलं. कोमटपणाचं बोललात तेच आमच्याकडे टोकाला जातं. जहाजाचं जड इंधन डांबरासारखं असतं, ते ९८ अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरमध्ये, म्हणजे आमच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, सोडतात. पाणी उकळू नये म्हणून त्याच्या वर नाही.

माझी एक चूक सांगतो. मी ज्युनिअर होतो, नवीन बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेतलं होतं. प्युरिफायरमध्ये तेल आणि पाण्याची सीमा कुठे राहील हे ग्रॅव्हिटी डिस्क नावाची एक कडी ठरवते. तेल जितकं जड तितकं कडीचं भोक लहान लागतं. मी जुन्या, हलक्या तेलाचीच कडी ठेवली. भोक मोठं पडलं, सीमा बाहेरच्या भिंतीकडे सरकली, कडेचं पाण्याचं सील फुटलं आणि सगळं इंधन पाण्याच्या वाटेने गाळाच्या टाकीत. पहाटे तीनला अलार्म. चीफ काही बोलले नाहीत, फक्त कडीचा तक्ता माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच मोठ्याने." अजून पाठ आहे.

सहा_स्पिंडल, म्हणून सेंट्रिफ्यूज घ्याल तेव्हा विक्रेत्याला विचारा की सीमा तुमच्या तेलासाठी लावून देणार का. आणि बाउल, म्हणजे आतलं फिरणारं भांडं, खोलून धुवायला कोण शिकवणार. न धुतलेला बाउल डगमगतो, आणि इतक्या वेगात डगमगणं म्हणजे जिवाशी खेळ. मशिन पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाला हात नाही.


एकलहरे_निवृत्त

थोडं उलट्या बाजूने बोलतो. इथे सगळे पाण्यातलं तेल काढतायत, माझी नोकरी तेलातलं पाणी काढण्यात गेली. वीज केंद्रात टर्बाइनच्या वंगणात वाफेच्या सीलमधून पाणी शिरतं. त्यासाठी सेंट्रिफ्यूज कायम चालू ठेवलेला असायचा.

पण ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला तो पुरत नाही. तेलात पाणी तीन रूपांत असतं: तळाला बसलेलं मोकळं, बारीक थेंबांचं धुकं झालेलं, आणि पूर्ण विरघळलेलं. पहिल्या दोघांना फिरवून काढता येतं. विरघळलेल्याला थेंबच नाही, तर ओढणार कोणाला? त्याला उष्णता आणि व्हॅक्यूम लागतो.

घरगुती चाचणी: तवा तापवून तेलाचा थेंब टाका. मोहरीसारखं तडतडलं तर पाणी आहे. विरघळलेलं थोडं असेल तर तवा गप्प राहतो, त्याला प्रयोगशाळाच लागते. चष्मा घाला मात्र.


रसायनी_मावशी (पंचवटी)

एकलहरेकाकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. धागा इतका लांबला आणि अजून कोणी मूळ गोष्ट विचारली नाही: तुमचं तेल कूलंटमध्ये आहे कोणत्या रूपात?

कूलंटमध्ये दोन तेलं असतात. एक तुम्ही स्वतः विकत घेऊन मिसळलेलं, इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारं रसायन) लावून बारीक केलेलं, म्हणून तर ते दुधाळ दिसतं. ते वेगळं व्हायला नकोच आहे. दुसरं आगंतुक, स्लाइडवेचं आणि हायड्रॉलिकचं, गळून आलेलं. काढायचं ते हे. सेंट्रिफ्यूजचा फायदा हा की मोठे आगंतुक थेंब निघतात आणि मुद्दाम केलेलं इमल्शन (ते दुधाळ मिश्रण) बरंचसं राहतं. पण आगंतुक तेल खूप दिवस पंपातून घुसळलं गेलं असेल तर कूलंटमधलाच जास्तीचा इमल्सिफायर त्यालाही गिळतो. मग कोणतंही यंत्र लावा, निघणार नाही.

निफाडकरांना हे सांगायला नको. बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवता ते डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण बघा. तिथे तेल पाण्यात मिसळून राहावं म्हणूनच सगळा खटाटोप. ते फुटलं तर घड नीट भिजत नाहीत.

वासाचं कारणही सांगते. तेलाच्या तवंगाने हवा अडते. सुट्टीच्या दिवशी पंप बंद, पाणी स्थिर, प्राणवायू संपतो. मग बिनहवेत जगणारे जिवाणू सल्फेट खाऊन हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तीच अंडी. त्याबरोबर पीएच उतरतो. नवीन कूलंट साधारण नऊच्या आसपास असतं. साडेआठच्या खाली जाऊ लागलं की समजा घाण सुरू झाली. ऑपरेटरचे हात डॉक्टरांना दाखवाच, पण कॉन्सन्ट्रेशन जास्त होणं, तेल आणि बारीक चुरा या तिन्हींनी कातडी सोलवटते.

आता काम. एक स्वच्छ पारदर्शक बाटली घ्या. मशिन चालू असताना टाकीच्या मधल्या खोलीतून कूलंट भरा, वरचा तवंग घेऊ नका. झाकण लावून खिडकीत ठेवा, हलवू नका. एक तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी बघा. तासाभरात वर तेल आलं तर पट्टाकाकांचा पट्टाच पुरे, फक्त शांत पाण्याची छोटी वेगळी टाकी करा. दुसऱ्या दिवसापर्यंत येत राहिलं तर फिरवण्याचा फायदा आहे. वर मलईसारखा थर आला आणि खालचं दूध घट्ट पिवळसर राहिलं तर ते तेल आता इमल्शन झालंय, यंत्रावर पैसे घालू नका. प्रत्येक मशिनची बाटली वेगळी.


मखमलाबादचा_वाचक

गाडी जरा वळवतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात विहीर फुटली तेव्हा केव्हिन कॉस्टनर या हॉलिवूडच्या नटाच्या कंपनीची सेंट्रिफ्यूज बीपीने घेतली होती ना? बत्तीस मशिनं. मला वाटलं सगळा समुद्र साफ होणार.


उरणचा_पाहुणा

हो, घेतली होती. १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझच्या तेलगळतीनंतर त्याने त्या तंत्रात पैसे घातले होते. मशिन खरं होतं. पण समुद्रात अडचण मशिनच्या आतली नसते, तेल मशिनपर्यंत आणण्याची असते. लाटांनी घुसळलेलं तेल पाण्यासकट चॉकलेटी मलई होऊन मैलोनमैल पसरतं, ते गोळा करणं हेच मोठं काम. २०१० मध्येच ७ ऑगस्टला आपल्या मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं आदळली, तेव्हा किनाऱ्यावरचं तेल माणसांनी हातांनी उचललं. २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरलाही बादल्याच होत्या.


नंदिनीकाठ

म्हणजे पाण्यात गेल्यावर मग यंत्रं काय करणार. टाकीतच धरलं पाहिजे.


पट्टाकाका

मावशी, तुम्ही माझा पट्टा वाचवलात! पण एक सांगा, सुट्टीच्या दिवशी मी माशांच्या टाकीतला हवेचा पंप कूलंटमध्ये सोडतो. चुकतंय का?


रसायनी_मावशी

मुळीच नाही, काका. हवा मिळाली की ते जिवाणू मागे हटतात. फक्त तवंग आधी काढा आणि बुडबुडे हळू ठेवा, नाहीतर सातपूरकरांसारखा फेस होईल.


द्राक्षवाला (निफाड)

मावशी, डिपिंगचं अगदी खरं. द्रावणाला साबणासारखा पांढरा रंग राहिला पाहिजे. आमचे वडील टबात हात घालून बोटं चोळून बघायचे.


सहा_स्पिंडल

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय. सहा बाटल्या खिडकीत लावल्या, वर मशिनचे नंबर. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, शाळेतल्या प्रयोगासारखं आहे."

दोन्ही व्हीएमसींच्या बाटल्यांत तासाभरात तेल वर आलं, नखाएवढा थर, दुसऱ्या दिवशीही तेवढाच. म्हणजे तिथे पट्टा पुरतो. सीएनसी एक, दोन आणि चार: चार तासांनी पातळ रेघ, दुसऱ्या दिवशी बोटभर थर. तेल येत राहिलं. फिरवण्याजोगं हेच ना, मावशी?

तीन नंबरने मला हलवलं. त्या बाटलीत दुसऱ्या दिवशी दोन बोटं तेल, मध्ये मलई, खाली चहासारखं पाणी. एकट्याच मशिनला इतकं तेल कुठून? पत्रा खोलला तर ल्यूब पंपाची एक नळी डिस्ट्रिब्यूटरच्या तोंडाशीच तुटलेली. स्लाइडवेला जायचं तेल थेंबथेंब सरळ कूलंटच्या टाकीत. आणि मी स्वतः दर आठवड्याला त्या मशिनमध्ये बाकीच्यांच्या तिप्पट तेल ओतायला सांगत होतो, "जुनं मशिन आहे, पितं" असं म्हणत. स्लाइडवे कोरडी चालली होती ती वेगळीच. नळी बदलायला अर्धा तास लागला.

तीन नंबरची टाकी पूर्ण उपसली, घासली, नवीन भरली. ते जुनं बॅरलमध्ये गेलं, गाडी गुरुवारी येईल. शेजारचे दोघे आणि मी मिळून ट्रॉलीवरचा छोटा सेंट्रिफ्यूज घ्यायचं ठरतंय, आठवड्यातून एकेका टाकीवर फिरवायला. बाउल धुवायचं कोण करणार यावर अजून वाद चालू आहे.

खोबरेल लावणाऱ्या पोराला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. मलम दिलंय, आणि पंधरा दिवस ओल्या कामापासून लांब ठेवा म्हणाले. तो सध्या गेज आणि तपासणीच्या टेबलावर बसतो. काल बेचक्यातली सूज उतरलेली दिसली.


सेकंड_इंजिनिअर

बाउलचं मी शिकवतो. तिघांच्याही पोरांना एकत्र बोलवा, रविवारी सकाळी येतो. मी येण्याआधी ग्रॅव्हिटी डिस्कचा तक्ता मागवून ठेवा.


रसायनी_मावशी

एक, दोन, चारच्या बाटल्या फेकू नका. अजून एक आठवडा ठेवा आणि मलई येते का बघा. आणि तीन नंबरचं नवीन कूलंट आजच एका बाटलीत भरून तारीख लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला काहीतरी असू दे.


सिन्नरची_लेक

रविवारी मीपण येऊ का? चकत्या लावायला हात शिवशिवतायत.


सहा_स्पिंडल

या ना ताई, नक्की या. गेटवर धाग्याचं नाव सांगा, वॉचमनला सांगून ठेवतो.


मिसळप्रेमी_कॉलेजरोड

नाश्त्याची मिसळ माझ्याकडून. तर्री वेगळ्या वाटीत आणतो.